एक कॉफी, ताक

भाषेची थोरवी तिच्या महाकाव्यांवरून ठरवावी, असं पंडित लोक म्हणतात. मी पंडित नाही, बी. कॉम. आहे. तेव्हा माझं आपलं साधं मत असं, की भाषेची परीक्षा ती मीठ कसं मागते यावरून करावी. महाकाव्य काय, कुणीतरी एकदा लिहून ठेवतो आणि बाकीचे ते परीक्षेपुरतं वाचतात. मीठ मात्र रोज मागावं लागतं, आणि तेही जेवण निवायच्या आत.

मागणं ही वरवर दिसते तितकी सोपी गोष्ट नाही. "पासबुक भरा", "जरा पासबुक भरता का?", "ते पासबुकाचं तेवढं बघा ना" आणि नुसतंच "पासबुक!" ही चारही वाक्यं एकाच कामाची आहेत. कोश बघितला तर अर्थही एकच. पण दुसऱ्या वाक्याला आमचा प्रिंटर मुकाट्याने चालतो आणि चौथ्याला हटकून अडतो. यंत्र झालं तरी त्याला व्याकरण कळतं. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला या 'जरा', 'ना' आणि 'का' मधली गंमत कोणतं पुस्तक शिकवतं? कोणतंच नाही. पुस्तकं त्याला 'देवाने, देवास, देवाहून' शिकवतात आणि मग देवाच्याच हवाली करतात.

हा सगळा विचार करायची वेळ माझ्यावर आली ती आइसलँडिक भाषेमुळे. झालं असं, की आमच्या हेडकॅशियरांचा मुलगा भूगर्भातल्या उष्णतेचा अभ्यास करायला आइसलँडला, रेक्याविकला गेला. तिथे जमिनीतूनच गरम पाणी येतं आणि घरं त्यावरच ऊबदार राहतात. हे ऐकून वहिनींनी पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे बंब नाही?" हेडकॅशियरांनी मात्र मनावर घेतलं. मुलाच्या घरमालकिणीशी दोन शब्द तिच्या भाषेत बोलता यावेत म्हणून त्यांनी इंग्रजीतून आइसलँडिक शिकवणारं एक पुस्तक मागवलं. तिसऱ्या पानावर त्यांची गाडी अडली. मग 'तुम्ही लिहिता ना, तुम्ही बघा' असं म्हणून त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं. दोन महिने मधल्या सुट्टीत डबा खाता खाता मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. वाचलेल्या पुस्तकाचं परीक्षण केलं नाही तर मराठी माणसाला अन्न पचत नाही. सबब हे परीक्षण.

पुस्तकाचा पहिला आणि मोठा दोष असा, की ते घोड्यापासून सुरू होतं. आइसलँडिकमध्ये चार विभक्ती आहेत. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कच्या मंडळींनी आपल्या जुन्या विभक्ती बहुतेक मोडीत काढल्या, पण या बेटावरच्या लोकांनी त्या आजीच्या पितळी भांड्यांसारख्या जपून ठेवल्या, घासूनपुसून रोज वापरात. हेस्तुर, हेस्त, हेस्ती, हेस्त्स. घोडा, घोड्याला, घोड्यापासून, घोड्याचा. अनेकवचनाची आणखी चार. शिवाय 'तो अमुक घोडा' म्हणायचं तर शेपटीला वेगळा प्रत्यय लागतो, त्याची आठ. एकूण सोळा. म्हणजे केफ्लाविकच्या विमानतळावर उतरलेल्या माणसाला घोडा सोळा तऱ्हांनी म्हणता येतो, पण पाणी मागता येत नाही. पाणी मागायचं वाक्य आठव्या धड्यात आहे. तोवर माणसानं तहान विभक्तीवर भागवायची.

आणि गंमत अशी, की हे पाणी मागायचं वाक्य मराठी माणसाला पहिल्या दिवशी पाठ होण्यासारखं आहे. 'मला अमुक मिळेल का?' याला आइसलँडिकमध्ये म्हणतात, 'माउ येग फाउ'. माउ म्हणजे 'परवानगी आहे का', येग म्हणजे 'मी' आणि फाउ म्हणजे 'मिळवायला'. आता हे भरभर म्हणून बघा. आपल्याकडच्या कुठल्याही शेंबड्या पोरानं मांजरीला हाक मारावी, 'माऊ, ये गं', की अर्धं वाक्य तयार! पुढे 'फाउ' म्हणायचं आणि हवी ती वस्तू जोडायची. माउ येग फाउ काफ्फी? मिळाली कॉफी. माउ येग फाउ वात्न? मिळालं पाणी. इतकं सोपं गिऱ्हाईक दारात उभं असताना पुस्तककार आत घोडे मोजत बसले आहेत.

दुसरा मुद्दा 'प्लीज'चा. इंग्रजी माणूस कुठल्याही देशात उतरला की पहिल्यांदा प्लीजला प्रतिशब्द विचारतो. आइसलँडिकमध्ये रोजच्या बोलण्यात त्याला नेमका प्रतिशब्द नाही. 'विन्सामलेगास्त' असा एक भरभक्कम शब्द आहे, पण तो पाट्यांवर राहतो. 'विन्सामलेगास्त धूम्रपान करू नये' वगैरे. हे वाचून इंग्रजी वाचक कासावीस होत असेल. मला मात्र एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आपला 'कृपया' तरी दुसरं काय करतो? तोही जन्मभर पाटीवरच लटकलेला असतो. 'कृपया शांतता राखा', 'कृपया रांगेत उभे राहा'. घरात कुणी बायकोला "कृपया आमटी वाढ" म्हणालं तर ती आधी कपाळाला हात लावून ताप बघेल. आमच्यासारखीच तिकडची तरुण पोरंही 'प्लीस' म्हणतात म्हणे. पण ते लाडीगोडी लावायला, सभ्यतेसाठी नव्हे.

मग तिथे सभ्यता राहते कुठे? एक जागा म्हणजे आभार. मागतानाच शेवटी आभार मानून मोकळं व्हायचं. आभाराला शब्द आहे 'ताक्क', आणि त्यातल्या 'ता' नंतर किंचित सुस्कारा सोडायचा असतो. कॉफीच्या दुकानात जाऊन म्हणायचं, 'एइत्न काफ्फी, ताक्क.' एक कॉफी, ताक! कोकणस्थ कानाला हे जरा विचित्र वाटेल, कारण आपण ताक घेतो ते जेवणाच्या शेवटी, कॉफीबरोबर नाही. पण व्यवहार म्हणून बघितलं तर पद्धत चोख आहे. माल हातात पडायच्या आत आभार आगाऊ जमा. समोरच्याला देणं भागच पडतं, कारण रक्कम तर खात्यात पडली.

सभ्यतेची दुसरी जागा म्हणजे क्रियापद. हा या भाषेचा खरा दागिना, आणि पुस्तकानं तो परिशिष्टात टाकला आहे. 'ग्येत येग फेइंग्यिद काफ्फी?' म्हणजे 'मला कॉफी मिळू शकते का?' हे साधं विचारणं. त्यातल्या 'ग्येत'चा 'ग्यायती' केला की झालं 'मिळू शकेल का?' तसंच 'माउ'चं 'माय्त्ती' केलं की 'मागितली तर चालेल का?' म्हणजे मागणारा ताठ उभा असतो, त्याचा स्वर तेवढा वाकतो. इंग्रजीत चार शब्द वाढवावे लागतात, हिंदीत 'जी' लावावा लागतो, इथे एका स्वरात काम. आपल्याकडे 'देतोस का', 'देशील का', 'द्याल का' यांत जी पायरी चढते तिचीच ही चुलत बहीण. पुस्तककार मात्र याला 'संकेतार्थ, तक्ता क्रमांक अमुक' म्हणून मोकळे होतात. दागिना सोनाराच्या पावतीवरून ओळखायचा असतो काय?

आता त्या भाषेचेही दोष सांगितले पाहिजेत, नाहीतर परीक्षण एकतर्फी होईल. मोजणीत ही भाषा गिऱ्हाइकाला फार छळते. एक ते चार हे आकडे लिंगाप्रमाणे आणि विभक्तीप्रमाणे बदलतात. दोन म्हणायचं तर पुरुषाला त्वेइर, स्त्रीला त्वाइर, नपुंसकाला त्वो. त्यातून कॉफी मूळची नपुंसकलिंगी, पण दुकानात मागताना मात्र 'एइत्न' हे पुल्लिंगी रूप घ्यायचं. का, तर मनात कप आहे आणि कप पुल्लिंगी! न उच्चारलेल्या कपाचं लिंग सांभाळायचं. हा छळ चारपर्यंत. पाचापासून पुढचे आकडे शहाण्यासारखे न बदलता उभे राहतात. माझा व्यापारी सल्ला असा, की नवशिक्यानं दोन कॉफ्या मागूच नयेत. सरळ पाच मागाव्यात. तीन वाया गेल्या तरी व्याकरण वाचतं.

पण याच छळातून काय कमाल साधते तेही बघा. रेक्याविकमध्ये बंदराजवळ १९३७ पासून चालत आलेली एक सॉसेजची टपरी आहे. तिच्या नावाचा अर्थच 'गावातली सर्वांत उत्तम सॉसेजं'. २००४ साली बिल क्लिंटन तिथे खाऊन गेले, त्यांनी नुसती मोहरीच लावून घेतली, हे तिथलं पोर सांगेल. बाकी जग तिथे तीन शब्द म्हणतं, 'एइना मेद ओत्लु'. म्हणजे 'एक, सगळं घालून'. सॉस, गोडसर मोहरी, कच्चा कांदा, तळलेला कांदा, रेमूलाद, सगळं. या वाक्यात सॉसेज हा शब्द नाही, 'द्या' नाही, 'मी' नाही. पण 'एइना' हे रूपच सांगतं की मागितलेली वस्तू स्त्रीलिंगी आहे आणि ती द्वितीयेत आहे, म्हणजे कुणीतरी ती कुणाकडून तरी घेणार आहे. क्रियापद रजेवर गेलं तरी विभक्ती काउंटर सांभाळते. आपल्याकडे इराण्याच्या हॉटेलात 'दोन कटिंग' म्हणतात त्यात शब्द कमी आहेत, पण इतकी माहिती नाही. या टपरीवरच्या तीन शब्दांत अख्खा द्वितीयेचा धडा आहे. पुस्तकात तो घोड्यावर बसून बावीस पानं चालला आहे.

मला सगळ्यांत आवडलेलं क्रियापद 'नेन्ना'. याला इंग्रजीत प्रतिशब्द नाही म्हणून पुस्तककारांनी अर्ध्या पानाची टीप दिली आहे. मराठी आवृत्तीत ती एका शब्दात भागली असती. 'नेन्ना' म्हणजे कंटाळा नसणं. 'नेन्निर्दु आद लोका ग्लुग्गानुम?' म्हणजे 'कंटाळा नसेल तर खिडकी लावतोस का?' आणि 'नेन्नी एक्की' म्हणजे 'कंटाळा आलाय'. काय प्रामाणिक भाषा! ती 'तू करू शकतोस का' असं विचारतच नाही. शकतोस हे दोघांनाही ठाऊक आहे. प्रश्न उत्साहाचा आहे. सरकारी कचेऱ्यांतल्या अर्जांचा नमुना या क्रियापदावर बसवला तर निदान उत्तरं तरी खरी येतील.

आता जरा कठीण प्रकरण. 'मला कॉफी प्यावीशी वाटते' याला 'मिग लाउंगार ई काफ्फी' म्हणतात. यातला 'मिग' म्हणजे मी नव्हे, मला. इच्छा होणारा माणूस कर्ता नाहीच, इच्छा त्याच्यावर येऊन आदळते. इंग्रजी विद्यार्थ्याला हे समजवायला पुस्तकानं तीन धडे घालवले आहेत. आपल्याला तीन सेकंदसुद्धा नकोत. मला भूक लागते, मला झोप येते, मला चहा हवा असतो. मराठी माणूस आपल्या इच्छेचा कर्ता कधी नव्हताच.

पण खरी मजा पुढे आहे. तिकडे हा 'मिग' द्वितीयेचा. पुष्कळ लोक मात्र बोलताना चतुर्थीचा 'म्येर' घालतात. शाळामास्तरांना हे इतकं झोंबलं, की त्यांनी या सवयीला रोगाचं नाव दिलं, 'थाउगुफाल्ससीकी', म्हणजे चतुर्थीची बाधा! कुणी 'म्येर लाउंगार' म्हणालं की घरातलं वडीलधारं माणूस जेवता जेवता घास थांबवून दुरुस्ती करतं. आपल्याकडे ही साथ का आली नाही? कारण आपल्या पूर्वजांनी द्वितीया आणि चतुर्थीला एकच औषध देऊन ठेवलं. स, ला, ते. स, ला, ना, ते. शाळेत हे पाठ करताना 'दोन विभक्ती आणि प्रत्यय तेच, मग दोन कशाला?' असं प्रत्येकाला वाटलेलं असतं. आता उत्तर मिळालं. त्यामुळे एक अख्खं राष्ट्र जेवताना भांडायचं वाचलं.

हेडकॅशियरांना मात्र धक्का बसला तो 'तू'चा. आइसलँडमध्ये आता सगळ्यांना 'थू' म्हणतात. आपल्या 'तू'चाच हा सख्खा भाऊ, दोघांचं मूळ घराणं एक. पूर्वी 'आपण' सारखा एक आदराचा शब्द होता, पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो वापरातून गेला. आडनावं बहुतेकांना नाहीतच, बापाचं किंवा आईचं नाव लावतात. म्हणून प्राध्यापकालाही नावानं हाक मारायची, पंतप्रधानालाही नावानं. विग्दीस फिन्बोगादोत्तिर या बाई १९८० साली राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या, अशा मतदानातून राष्ट्राध्यक्ष झालेल्या जगातल्या त्या पहिल्या स्त्री. त्यासुद्धा देशाला नुसत्या विग्दीस. "म्हणजे आमचे चिरंजीव तिथे सत्तर वर्षांच्या गुरूला 'अरे तू' म्हणतात?" हेडकॅशियरांचा आवाज चढला. मी म्हटलं, "साहेब, आपण विठ्ठलाला काय म्हणतो? आईला काय म्हणतो?" ते गप्प झाले. पण डब्यातली पोळी त्यांनी जरा जोरातच तोडली.

आदर सर्वनामात नसला तर तो नाहीसा होत नाही, दुसरीकडे राहायला जातो, हे या भाषेनं मला पटवलं. पाहुण्याला कॉफी विचारताना ते म्हणतात, 'माउ ब्योउदा थ्येर काफ्फी?' शब्दशः 'तुला कॉफी देऊ करायची परवानगी आहे का?' म्हणजे देणाराच परवानगी मागतो. जेवून उठताना पाहुणा म्हणतो, 'ताक्क फिरिर मिग', माझ्या वतीनं आभार. आणि यजमान म्हणतो, 'वेर्दी थ्येर आद गोउदु', हे तुला भलं होवो. त्या 'गोउदु'त मला आपला 'गोड' ऐकू येतो. त्यांचा अर्थ 'चांगलं', आपला अर्थ अधिक गोड, पण जेवणानंतर एवढा फरक कोण बघतो?

त्या वाक्यातला 'वेर्दी' म्हणजे आपला 'होवो'. ही मागण्याची सर्वांत वरची पायरी. तिथे माणूस माणसाकडे मागतच नाही. बँकेतला माणूस म्हणून मला या रूपाचं एक उदाहरण विसरता येत नाही. ऑक्टोबर २००८ च्या एकाच आठवड्यात त्या देशाच्या तीन मोठ्या बँका कोसळल्या. त्यांचा पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळजवळ दसपट झाला होता. ६ ऑक्टोबरला पंतप्रधान गेइर हार्दे दूरदर्शनवरून देशाशी बोलले आणि शेवटी म्हणाले, 'ग्वुद ब्लेस्सी ईस्लांद.' देव आइसलँडचं भलं करो. अमेरिकन पुढाऱ्याच्या भाषणात असं वाक्य स्वल्पविरामासारखं येतं. तिथे मात्र ते ऐकून लोकांना कळलं, की प्रकरण आता माणसांच्या हातात राहिलेलं नाही. पुढच्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं २१० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. ती मागणी कोणत्या रूपात केली होती हे पुस्तकात नाही. पण 'मला हवंय' या रूपात नक्कीच नसणार.

आता मूळ तक्रारीवर येतो. पुस्तक घोड्यापासून सुरू होतं याचा मला एवढा राग का? नवशिक्याला परक्या देशात जी पहिली वाक्यं बोलावी लागतात ती सगळी मागण्याची असतात. पाणी द्या, रस्ता दाखवा, जरा हळू बोला. आइसलँडची वस्ती सुमारे चार लाखांच्या घरात, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. त्यात आज पाचांतला जवळजवळ एक माणूस बाहेरून आलेला. तो धीर करून 'माउ येग फाउ' म्हणतो, त्याचा उच्चार जरा घसरतो आणि समोरचा सौजन्यानं इंग्रजीत उत्तर देतो. हेडकॅशियरांच्या मुलानं हेच कळवलं, "बाबा, मी त्यांच्या भाषेत कॉफी मागतो, ते मला इंग्रजीत देतात." कॉफी मिळते, भाषा मिळत नाही. यावर तिकडे ईसाफ्योर्दुर नावाच्या आडबाजूच्या गावातून एक उपक्रम सुरू झाला, 'ग्येवुम ईस्लेन्स्कु स्येन्स', म्हणजे 'आइसलँडिकला एक संधी देऊ या'. शिकणाऱ्याशी आपल्याच भाषेत, सावकाश, धीर धरून बोला, एवढंच त्यांचं मागणं. हे नावच मुळी एक विनंती आहे, चतुर्थीसकट. आणि त्यातला 'संधी' या अर्थाचा शब्द फ्रेंचमधून फिरत आलेला उसना! भाषा वाचवायला निघालेल्यांनी एक शब्द उसना घ्यावा, याचं मला फार कौतुक वाटलं.

हे पत्र आल्यापासून एक फरक पडला आहे. आमच्याकडे दरभंग्याचा एक वॉचमन पगाराचे पैसे काढायला येतो. तो "माझा पैसा मिळंल का?" असं मराठीत विचारतो. पूर्वी त्याला सगळ्या खिडक्यांवरून हिंदीत उत्तर मिळायचं. हल्ली हेडकॅशियर त्याला मराठीत उत्तर देतात, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. रांग थोडी लांबते. ओरडा होतो. ते वर बघत नाहीत.

तेव्हा निष्कर्ष. पुस्तकाची छपाई स्वच्छ, बांधणी मजबूत, कागद जाड. विषय उत्तम, मांडणी उलटी. पुढच्या आवृत्तीत घोडा शेवटच्या धड्यात बांधावा आणि पहिल्या पानावर मीठ, पाणी, कॉफी आणि आभार एवढेच ठेवावेत. मराठी वाचकानं पुस्तक मागून वाचायला हरकत नाही. मागताना 'नेन्निर्दु' वापरू नये, कारण पुस्तक ज्याच्याकडे आहे तो खरं उत्तर देईल.